सात नंबरची टोळी

२ डिसेंबर, सोमवार

नवी वही सुरू केली. जुनी धुळ्याला आईच्या ट्रंकेत राहिली. आई म्हणते, मी तुझ्या वह्या वाचत नाही. मग तिला माझं सगळं कसं कळतं, देव जाणे.

सावद्याच्या या केळीच्या पॅकहाउसमध्ये मला चार महिने झाले. धुळ्याच्या तेलगिरणीत सहा वर्षं संगणकावर बसले, इथेही तेच. फक्त तेलाचा वास गेला आणि केळीच्या चिकाचे डाग आले. ते कशानेच निघत नाहीत.

आज मालक प्रेमराजभाऊंनी बोलावलं. आपला निम्मा माल जी मुंबईची कंपनी घेते, तिने कळवलंय की आता कागद नको आणि फोनही नको. मागणी त्यांच्या संगणकावरून थेट आपल्या सॉफ्टवेअरमध्ये येईल आणि गाडी निघाली की आपलं सॉफ्टवेअर त्यांना आपोआप संदेश पाठवेल. हे सगळं त्यांनी ठरवून दिलेल्या साच्यात. तेवीस तारखेपर्यंत जमलं नाही तर मागणी बंद.

"जमेल ना, ताई?" भाऊ म्हणाले. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी 'हो' म्हणून बसले. ही माझी जुनी खोड. खोलीवर येऊन कंपनीची पुस्तिका उघडली. एकशे बारा पानं, सगळी इंग्रजीत.

५ डिसेंबर, गुरुवार

थोडं थोडं उमगतंय. संदेश म्हणजे एक लांबलचक ओळ. मध्ये अधिकची चिन्हं, प्रत्येक चिन्हानंतर एक खण, आणि कोणत्या खणात काय जायचं ते ठरलेलं. आपल्या सॉफ्टवेअरमधला कोणता रकाना त्यांच्या कोणत्या खणात जाईल, हे मी जुळवून द्यायचं. आज वजनाच्या खणात चालकाचा मोबाईल नंबर गेला आणि आपण कागदावर अब्जावधी किलो केळी पाठवली. एकटीच हसले. काम मात्र आवडायला लागलंय.

११ डिसेंबर, बुधवार

आज 'लॉट क्रमांक' या खणापाशी अडले. तो भरल्याशिवाय संदेश जातच नाही. आवारात जाऊन नूरभाईंना विचारलं. नूर महंमद इथले मालाची पारख करणारे, तीस वर्षांपासूनचे. म्हटलं, "नूरभाई, आपल्याकडे लॉट कशाला म्हणतात?"

ते हसले. "मॅडम, इथं कोणी लॉट म्हणत नाही. इथं विचारतात, माल कोणाचा? म्हणजे कोणत्या टोळीचा."

माल शेतकऱ्याच्या नावाने ओळखत असतील अशी माझी समजूत होती. तसं नाही. बाग कोणाचीही असो, घड कापला कोणी, डोक्यावर चुंबळ ठेवून बांधापर्यंत वाहिला कोणी, फण्या सोडवून धुतल्या कोणी, यावर केळीचं पुढचं सगळं अवलंबून. घड जरा आपटला तरी आज काही दिसत नाही, तीन-चार दिवसांनी पिकताना काळा डाग उमटतो. म्हणून माल टोळीच्या मुकादमाच्या नावाने चालतो. लोटन नानांचा, गिरधरचा, असा.

टोळ्यांना आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नंबर आहेतच. मी टोळीचा नंबर लॉटच्या खणाला जोडून टाकला. लोटन नाना सात, म्हणजे ०००००७. पुस्तिकेत पान एक्केचाळीसवर एक वाक्य आहे, लॉट क्रमांक वर्षात पुन्हा वापरू नये. त्यावर पेन्सिलीने खूण केली. पण तारखेचा खण वेगळा आहेच, दोन्ही मिळून क्रमांक वेगळाच होतो, असं मला वाटतं. कंपनीने प्रत्येक टोळीच्या एकेका गाडीची चाचणी घेतली, सगळ्या उत्तीर्ण. पुढे गेले.

२३ डिसेंबर, सोमवार

सुरू झालं! सकाळी पहिली गाडी निघाली, बटण दाबलं, आणि दोन मिनिटांत पलीकडून पोच. भाऊंनी पेढे मागवले. नूरभाईंनी दोन घेतले, एक खिशात टाकला.

लोटन नानांच्या टोळीतल्या झुंबर अक्का माझ्या खिडकीशी पाणी प्यायला येतात. पंचावन्नच्या पुढच्या असतील, नानांची थोरली बहीण. अमळनेरकडच्या एका खेड्यातून ही चौदा माणसं दरवर्षी इकडे कापणीला येतात, पॅकहाउसमागच्या खोल्यांत राहतात. अक्कांना पेढा दिला तर म्हणाल्या, "काय वं बाई, दिनभर त्या डबडासंगे बोलस. जरा मानसेससंगे बी बोलत जाय."

म्हटलं, "अक्का, या डबड्याने आज मुंबईशी बोलणं केलं."

"मंग त्याले सांग, झुंबरबाईना घडले आजलोंग डाग पडना नही." आणि गेल्या, तोऱ्यात.

२८ डिसेंबर, शनिवार

लोटन नानांच्या मालाच्या गाडीचा ब्रेक घाटात जोरात दाबला गेला आणि खोकी एकावर एक कोसळली. चालकाने स्वतः फोन करून सांगितलं. कंपनीने माल नाकारला. संदेश आला: लॉट ०००००७, नाकारला, कारण चौदा. पुस्तिकेत चौदा म्हणजे हाताळणीचे डाग. अपघातच तो, कोणाला दोष नाही. भाऊ चालकावर ओरडले आणि विषय संपला.

३१ डिसेंबर, मंगळवार

लोटन नानांचा माल पुन्हा नाकारला, पुन्हा कारण चौदा. संदेश पाठवल्यापासून चार मिनिटांत उत्तर. एवढा वेग! आपल्या सरकारी कचेऱ्यांनी शिकावा.

नूरभाई आत आले. "मॅडम, गाडी तर अजून आपल्याच वजनकाट्यावर उभी आहे. बघितलं कोणी?"

मी म्हटलं, शनिवारच्या गाडीचंच उत्तर पुन्हा आलं असेल. त्यांनी मान हलवली. पटलं नसावं.

३ जानेवारी, शुक्रवार

सात नंबर तिसऱ्यांदा नाकारला. गिरधरच्या टोळीचा माल मात्र त्याच दिवशी, त्याच बागेतून, पास. नूरभाई सांगत होते की गोदामवाल्याने गाडीचं दारसुद्धा उघडलं नाही, स्क्रीनवर लाल आहे म्हणाला आणि परत पाठवलं. माल वाटेत मिळेल त्या बाजारात उतरवला.

"मी फणी न् फणी बघितली होती," ते म्हणाले. "माल सोन्यासारखा होता."

पण डाग नंतर उमटतो, हे त्यांनीच मला शिकवलं ना? एवढ्या मोठ्या कंपनीकडे तपासायची काहीतरी पद्धत असेलच. आपल्याला इथे बसून काय कळणार.

६ जानेवारी, सोमवार

लोटन नाना ऑफिसात आले. पहिल्यांदाच. चप्पल बाहेर काढून उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, मनी टोळीना मालमा काय खोट शे, ते सांगा. मी पंचवीस वरीसपाईन घड कापस. अशी येळ कधी उनी नही."

मी पडद्यावरचा चौदा आकडा दाखवला आणि अर्थ सांगितला. त्यांनी वाकून तो आकडा बघितला. मग म्हणाले, "मशीनले काय, ते काय कोनाना वैरी शे? काही तरी शेच मंग."

संध्याकाळी बघितलं तर त्यांनी टोळीतल्या प्रत्येक वाहणाऱ्याला वेगळ्या रंगाची चिंधी दिली होती. जो घड ज्याने वाहिला त्याला त्याची चिंधी. उद्या दिवसभर असेच घड वाहायचे आणि फण्या बाजूला ठेवून पिकवून बघायच्या. हा माणूस चोर पकडायला निघालाय, तेही आपल्याच माणसांत. बघून वाईट वाटलं.

८ जानेवारी, बुधवार

भाऊंनी सांगून टाकलं, सोमवारपर्यंत सात नंबर सुधारला नाही तर टोळीला गावी पाठवायचं. हंगाम अजून दोन महिने आहे. चौदा माणसांचं वर्ष या हंगामावर चालतं.

नूरभाईंकडून कळलं, काल उबेत ठेवलेल्या फण्यांपैकी एकाच घडाच्या फणीवर उबेने लवकरच बोटाएवढा डाग उमटला. चिंधी पिवळी. झुंबर अक्कांची. ओल्या बांधावर त्यांचा पाय सरकला होता, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं म्हणे.

"एवढा डाग तर माझ्या बापाच्या घडालाही पडायचा," नूरभाई म्हणाले. पण टोळीत आज कोणी कोणाशी बोलत नव्हतं. अक्का खिडकीशी पाणी प्यायला आल्या नाहीत.

९ जानेवारी, गुरुवार



दुपारी लोटन नानांच्या मालाचा संदेश पाठवला आणि घड्याळ लावून बसले. चार मिनिटं. गाडी फाटकात उभी. या वेळी मला कोणतंच कारण सापडेना. कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन केला. पलीकडे एक मुलगी, आवाज गोड. मी लॉट नंबर सांगितला. तिने बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, हा लॉट अठ्ठावीस डिसेंबरलाच नाकारलेला आहे. तुम्ही नाकारलेला लॉट पुन्हा पुन्हा का पाठवताय? सिस्टिम तो आपोआप परत करणार."

पान एक्केचाळीस.

त्यांच्या लेखी लॉट म्हणजे एक खेप. एकदा नाकारली की तो नंबर कायमचा बंद. आमच्या लेखी लॉट म्हणजे माणसं. घाटातल्या त्या एका गाडीनंतर लोटन नानांची टोळी जे काही कापेल ते खराबच ठरणार होतं. कोणी बघितलंच नाही. दार उघडलं नाही, खोकं फोडलं नाही. मी पेन्सिलीने खूण करून पुढे गेले होते.

कोणाला सांगितलं नाही. आधी दुरुस्त करते, मग सांगते. हातात दुरुस्ती असली म्हणजे सांगायला बरं.

१० जानेवारी, शुक्रवार

दुरुस्त केलं. आता लॉट क्रमांक म्हणजे तारीख, टोळी आणि त्या दिवसाची कितवी गाडी, सगळं मिळून. पुन्हा कधीच तोच येणार नाही. तीनदा तपासलं. उद्या संध्याकाळी पहिली गाडी जाईल, सोमवारी तिकडे उघडेल.

अकराच्या सुमारास झुंबर अक्का गाठोडं घेऊन फाटकाबाहेर जाताना दिसल्या. सुनेला मुलगी झाल्याचं मागे म्हणाल्या होत्या, बघायला निघाल्या असतील. खिडकीतून हात केला, त्यांनी बघितलं नाही. लोटन नाना धुण्याच्या हौदाशी पाठमोरे उभे होते.

भाऊंना सोमवारी सांगेन. माल पास झाल्यावर शांतपणे.

१३ जानेवारी, सोमवार

पास! सात नंबर पास. गाडी पोचली, खोकी उघडली, एकही डाग नाही. मी जवळजवळ धावतच आवारात गेले.

लोटन नानांना सांगितलं. त्यांनी आधी आभाळाकडे बघितलं, मग खाली. म्हणाले, "अक्का गई, आनि माल पास व्हयना."

मला कळेना. नूरभाईंनी बाजूला घेऊन सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी टोळी बसली होती. चिंधीची गोष्ट निघाली. कोणी काही बोलायच्या आत अक्काच उठल्या आणि म्हणाल्या, "मीच व्हसू. मना हात आते पहिलासारखा ऱ्हायनात नही. मनामुये बठ्ठी टोळी कसाले बसी ऱ्हाई?" नानांनी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

टोळी आज पुन्हा हसत-बोलत होती. सगळ्यांना कारण सापडलं होतं. ते मी त्यांना आणून दिलं, दुरुस्ती करून. मी तशीच ऑफिसात परत आले आणि पुढच्या गाडीचा संदेश भरायला घेतला.

१५ जानेवारी, बुधवार

भाऊंना सांगितलं. सगळं, पानाच्या आकड्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आता चालू आहे ना?"

"हो."

"मग जुनं उकरून काढू नका, ताई. चूक आपली होती हे कंपनीला कळलं तर आपलं नाव खराब होईल. म्हातारीचं वयही झालंच होतं. तिला मी काहीतरी देईन." मग ड्रॉवरमधून पाकीट काढून दिलं. मला कायम केल्याचं पत्र. आजचीच तारीख.

मी ते घेतलं. इथे तरी खरं लिहावं म्हणून लिहिते, घेताना मला आनंदही झाला.

२२ जानेवारी, बुधवार

काही लिहिण्यासारखं नाही. सात नंबरच्या सगळ्या गाड्या पास.

आईचा फोन. "आवाज का असा?" म्हटलं, सर्दी.

२९ जानेवारी, बुधवार

टोळीतली एक बाई दुसरीला खिडकीबाहेर सांगत होती, अक्का घरी गेल्यापासून नातीला मांडीवर घेत नाहीत. म्हणतात, माझा हात लागला की डाग पडतो. दोघी हळहळल्या आणि कामाला गेल्या.

रविवारी सुट्टी आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

फैजपूरहून पहाटेच्या एसटीने निघाले, अमळनेरला गाडी बदलली, पुढे रिक्षा. अक्का ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, चहा टाकायला सुनेला सांगितलं. सून तान्हं कडेवर घेऊनच चुलीशी गेली.

मी सरळ सांगायला सुरुवात केली. नंबर, नाकारलेली खेप, आपोआप परत येणारं उत्तर. शक्य तितकं सोपं करून. मध्येच त्यांनी हात वर केला.

"मंग मशीनमा काय लिखेल व्हतं? झुंबरबाईना हात खराब, असं?"

"नाही अक्का. मशीनला तुम्ही माहीतच नाही. त्यात फक्त सात आकडा होता."

"त्यामा मनं नाव व्हतंच नही?"

"नाही."

त्यांनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. म्हणाल्या, "मंग माले काढं कोनी?"

बोलायचं सगळं पाठ करून आले होते. माझी चूक झाली, मला माफ करा, हे सगळं बसमध्ये मनात घोळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य या प्रश्नाला बसेना. मी रडले. त्यांनी रडू दिलं, समजूत घातली नाही. ते बरोबरच होतं.

निघताना म्हटलं, "चला ना अक्का, माझ्याबरोबर परत."

"मी येवाव नही. आनि तू आठे कसाले सांगाले उनी? आठे माले कोनी वाईट म्हनत नही. तठे सांग, बठ्ठासनामोर. लोटनले सांग." मग फाटकापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तो मनासंगे बोलना नही, बाई. मी निंघनी तवय त्यानी पाठ फिराई लिधी."

बसमध्ये डोळे मिटले की ती पाठ दिसत होती. खिडकीतून मीच बघितली होती.

३ फेब्रुवारी, सोमवार

भाऊंना आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी थांबले असते.

अक्का म्हणाल्या तसं सगळ्यांसमोर सांगायचं होतं, म्हणून साडेनऊला टोळी हौदाशी जमते, तेव्हा आवारात गेले. नूरभाईंना म्हटलं, जरा सगळ्यांना थांबवा. तेरा माणसं समोर उभी राहिली. गिरधरची टोळीही कुतूहलाने येऊन मागे थांबली. मी सांगितलं. तुमच्या मालात खोट नव्हती. एका गाडीतली खोकी घाटात कोसळली, त्यानंतर नाकारलेल्या तिन्ही गाड्या कोणी उघडूनसुद्धा बघितल्या नाहीत. नंबर चुकीचा लावला तो मी. झुंबर अक्कांच्या हाताचा काही संबंध नव्हता. त्या गेल्या त्याच दिवशी मी नंबर बदलला, म्हणून माल पास झाला.

हौदात नळाचं पाणी पडत होतं, नूरभाईंनी जाऊन तो बंद केला. ऑफिसच्या दारात भाऊ येऊन उभे राहिलेले दिसले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

लोटन नाना पुढे आले. मला वाटलं शिव्या देतील, आणि मी त्या ऐकून घेणार होते. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, वेळ विचारावी तसं.

"तुमले हाई कवय माहीत पडनं, बाई?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. 'नंतर' म्हणाले असते तर चालून गेलं असतं. कोणी तारीख तपासायला येणार नव्हतं.

"नऊ तारखेला," मी म्हटलं. "दुपारी."

नानांचे ओठ हलले, आकडा मोजावा तसे. मग म्हणाले, "टोळी त्याच दिन संध्याकाये बठेल व्हती. अक्का दहा तारीखले गई."

मी 'हो' म्हणाले.